दोनदा उलटलेला गणपती

नात्यात कुणाचं लग्न ठरलं की पत्रिका छापायच्या आधी आमच्या घरी भांडी येतात. ताटं, वाट्या, तांबे, एखादा पिठाचा डबा, आणि सोबत चिठोऱ्यावर लिहिलेलं नाव. "विनू, तू नावं घालायच्या कारखान्यात होतास ना? एवढी घालून दे."

मी इतकी वर्षं सांगतोय की आमचा कारखाना भांड्यांवर नावं घालायचा नव्हता. ते काम भांड्यांच्या दुकानाबाहेर स्टुलावर बसलेला माणूस करतो, आणि माझ्यापेक्षा पुष्कळ बरं करतो. एकदा भिडेखातर मी मावसबहिणीच्या हंड्यावर नाव घातलं, तर सवयीने ते उलटं पडलं. "आरशात बघ, सुरेख आलंय," असं मी म्हणून पाहिलं. मावशीने माझ्याकडे बघितलं, हंड्याकडे बघितलं, आणि आईला विचारलं, "ह्याचं शिक्षण नक्की कितवीपर्यंत झालं गं?" तो हंडा अजून बहिणीकडे आहे. तिच्या सुनेला ते नाव गुजरातीत लिहिलंय असं वाटतं.

तर आमचा धंदा काय होता ते सांगून टाकतो. साबणाच्या वडीवर नाव असतं, बिस्किटावर नक्षी असते, शाळेच्या बक्षिसाच्या बिल्ल्यावर मशाल असते, गोळीच्या मधोमध रेघ असते. ह्या प्रत्येकामागे कुठेतरी पोलादाचा एक ठोकळा असतो, आणि त्या ठोकळ्यावर कुणीतरी मान मोडून ते सगळं कोरलेलं असतं. त्या ठोकळ्याला म्हणायचं डाय. डायमध्ये सगळा कारभार उलटा. नाण्यावर जिथे उंचवटा हवा, तिथे डायमध्ये खड्डा. नाण्यावर जे डावीकडे, ते डायमध्ये उजवीकडे. शिवाय पोलादात भर घालता येत नाही, फक्त काढता येतं. सुतार चुकला तर पाचर मारतो, गवंडी चुकला तर गिलावा करतो, आमचा माणूस चुकला तर बिडी ओढायला बाहेर जातो.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. वसई स्टेशनच्या पूर्वेला, गोखिवऱ्याच्या बाजूला पत्र्याच्या गाळ्यांची रांग होती. एका गाळ्यात छत्रीच्या काड्या बनायच्या, शेजारच्यात औषधाच्या बाटल्यांची झाकणं, आणि मधल्या गाळ्यात आम्ही. मी निर्मळचा. घरची केळीची आणि फुलांची वाडी. आय.टी.आय. करून मी कारखान्यात शिकाऊ म्हणून लागलो, तेव्हा वडील म्हणाले, "केळीचा कंद उलटा लावला तर उगवत नाही, एवढंच उलटं-सुलटं आपल्या घराण्याला ठाऊक. तू काय नवीन शिकतोस ते बघू."

मला शिकवायला होते इनासमामा. नंदाखालचे. कपाळावर भिंग चढवलेलं, अंगात बाह्या कापलेला खाकी शर्ट, आणि कोरताना ओठांत चर्चमधलं एखादं गाणं. गाणं चालू असलं की काम ठीक चाललंय. गाणं थांबलं की कुणी जवळ जायचं नाही.

पहिल्या दिवशी त्यांनी मला लोखंडाचा एक ठोकळा आणि कानस दिली. "सगळ्या बाजूंनी सपाट कर," म्हणाले. मी घासू लागलो. एक बाजू सपाट व्हायची तोवर दुसरी वाकडी निघायची. मग ती घासायची. रोज मामा गुण्या लावून उजेडात धरायचे, फट दाखवायचे आणि ठोकळा परत द्यायचे. ठोकळा आधी विटेएवढा होता, मग साबणाएवढा झाला, मग काडेपेटीएवढा. शेवटी मामा म्हणाले, "पोऱ्या, आता थांब. नाहीतर आईला सांगावं लागेल, तुमच्या मुलाने कारखान्याचं लोखंड घासून पिऊन टाकलं."

मग छिन्न्यांना धार लावणं. मग सरळ रेघा. मग उलटं 'श्री'. उलटं 'श्री' जमायला मला जितके दिवस लागले, तितक्या दिवसांत घरच्या केळीचा घड उतरवून झाला होता, असं वडील सांगतात. माझी मात्र अशी अवस्था झाली की सलूनमध्ये बसलो की काचेवरचं दुकानाचं नाव आतून सरळ दिसायचं, आणि बाहेर पडल्यावर आपण भलत्याच दुकानात दाढी करून आलो असं वाटायचं.

मामांची एक पद्धत होती. डायवर मुख असलं, म्हणजे देवाचं, माणसाचं, वाघाचं, कुठलंही, तर ते मुख पूर्ण होईपर्यंत ते जेवायचे नाहीत. सकाळी चहा, बस. "पोट भरलं की हात जड होतो," म्हणायचे. "अक्षर जड हाताने चालतं. डोळा चालत नाही." त्यामुळे मुखाचं काम आलं की त्यांचा डबा आमच्या वाट्याला यायचा. मामी सुक्या मासळीची, सुकटाची चटणी अशी करायच्या की डबा उघडला की छत्रीच्या काड्यांवाले चौकशी करायला यायचे. मी आणि सुनंदा मनातल्या मनात मुखाच्या ऑर्डरींची वाट बघायचो.

सुनंदाची ओळख करून द्यायची राहिली. ती माणिकपूरची. वडील नोकरीवाले, मूळ कोकणातले, इथे फ्लॅट घेतलेले. आमच्याकडे ती ट्रेसर होती. चित्रावर पारदर्शक कागद ठेवून शाईने त्याची नेमकी रेघ उतरवायची, हे तिचं काम. मग तो कागद मी उलटा करून, पांढरा रंग फासलेल्या पोलादावर डकवायचा आणि सुईने टोचून रेघ उमटवायची. नंतर मामा कोरणार. तिची रेघ इतकी स्वच्छ असायची की मामा मला म्हणायचे, "बघ. बाय कागदावर असं काढते की पोलादाला लाज वाटावी. आणि तू टोचतोस जणू मिरच्या सुईत ओवतोयस."

तर त्या वर्षी इनासमामा दिवाळीला रिटायर होणार होते. आमच्या मालकांनी त्यांच्यासाठी शेवटचं काम असं ठरवून ठेवलं नव्हतं, पण ते आपोआप ठरलं. माणिकपूरचे सराफ दत्तूशेठ आले. त्यांना लक्ष्मीपूजनासाठी चांदीची नाणी काढायची होती. एका बाजूला त्यांच्या पेढीचं नाव आणि 'श्री', दुसऱ्या बाजूला फक्त गणपतीचं मुख. गणपतीच्या बाजूला एकही अक्षर नको, असं त्यांच्या आईचं म्हणणं. देवाच्या तोंडाभोवती जाहिरात नको. दत्तूशेठ स्वतः मामांकडे येऊन म्हणाले, "मामा, तुमच्याच हातचा पाहिजे. मशीनचा नको." त्या दिवशी मामांचं गाणं जरा मोठ्याने चाललं होतं.

आता इथे एक तांत्रिक गोष्ट आहे, ती नीट ऐका. आमच्या घरी दर गणपतीला ह्यावर वाद होतो आणि पाहुण्यांना निकाल द्यावा लागतो.

त्याच्या आदल्या आठवड्यात मी एका साबणाच्या डायवर कागद उलटा न करताच डकवला होता. मामांनी कोरायच्या आधी पाहिलं म्हणून निभावलं, पण सगळ्यांसमोर माझी हजेरी घेतली. सुनंदाला माझी दया आली. (ती म्हणते दया नाही, कंटाळा आला.) म्हणून गणपतीचा कागद देताना तिने तो आधीच उलटा करून, त्या बाजूने शाई फिरवून दिला. बोलली काही नाही. आणि मी? मी इतकं ऐकून घेतलं होतं की आता मरेन पण कागद उलटल्याशिवाय डकवणार नाही, असं ठरवून टाकलं होतं. मीही उलटला. कागद पारदर्शक. अक्षर एकही नाही. गणपती ह्या बाजूनेही गणपती आणि त्या बाजूनेही गणपतीच. दोघांनी काळजी घेतली आणि म्हणून चूक झाली. एकानेही हलगर्जीपणा केला असता तर सगळं ठीक झालं असतं.

मामा कोरायला बसले. डबा आमच्याकडे सरकवला. सुकटच होतं. दुपारनंतर गाणं थांबलं. मामा भिंग वर करून ठोकळ्याकडे बघत राहिले.

"काय झालं, मामा?" मी लांबूनच विचारलं.

"काही नाही. हा गणपती जरा परका वाटतोय."

"परका म्हणजे?"

"म्हणजे इतकी वर्षं ओळख आहे, आणि आज समोरून येऊन नमस्कार न करता गेल्यासारखा वाटतोय." मग स्वतःशीच हसले. "म्हातारा झालो, पोऱ्या. दिवाळीला घरी बसवतायत ते बरोबर आहे."

आम्ही पण हसलो. आज कळतं की मामांचे डोळे म्हातारे झाले नव्हते. आयुष्यभर त्यांनी पोलादात जितके गणपती पाहिले, ते सगळे उलटे, म्हणजे उजव्या सोंडेचे. छाप पडल्यावर ते डाव्या सोंडेचे व्हायचे आणि लोकांच्या घरी जायचे. त्या दिवशी पोलादात पहिल्यांदाच डाव्या सोंडेचा गणपती त्यांच्याकडे बघत होता, अगदी देव्हाऱ्यातल्यासारखा. चारचौघांना जो ओळखीचा वाटला असता, तो मामांना परका वाटला.

डायची चाचणी म्हणून आम्ही शिशाच्या चकतीवर छाप घेतली. तुम्ही म्हणाल, तिथे तरी कळायला हवं होतं. पण छाप बघायची आमची तऱ्हा वेगळी. कडा साफ आहेत का, खोली सारखी आहे का, ते मामा अंगठा फिरवून बघायचे. उलटं-सुलटं बघायला आम्ही अक्षरं वाचायचो, देव बघत नव्हतो. अक्षरं दुसऱ्या बाजूला होती आणि ती बरोबर होती. डायला पाणी दिलं. म्हणजे भट्टीत लालभडक तापवून तेलात बुडवली, की पोलाद कडक होतं आणि मग त्यावर छिन्नी चालत नाही. डाय दत्तूशेठकडे गेली.

दोन दिवसांनी दत्तूशेठची स्कूटर गाळ्यासमोर थांबली नाही, आदळली.

"कुणी केलाय हा?" हातात पहिलं चांदीचं नाणं.

"मीच," मामा म्हणाले.

"सोंड बघा, मामा. सोंड!"

मामांनी नाणं घेतलं. भिंग खाली केलं, मग वर केलं. "उजवी," म्हणाले.

"उजवी! आईने बघितलं आणि नाणं टाकून हात धुतले. उजव्या सोंडेचा गणपती म्हणजे काय खेळ आहे का? कडक दैवत. सोवळ्याशिवाय हात लावायचा नाही, घरात वशाट, मासळी-मटण शिजवायचं नाही. आणि हे मी अख्ख्या वसईला लक्ष्मीपूजनासाठी विकू? लोक दिवाळीनंतर दुकानावर धोंडे मारतील. दिवाळी तोंडावर आली, मामा!" मग त्यांनी आवाज खाली आणला, आणि खालच्या आवाजातलंच जास्त लागलं. "पण तुम्हाला कशाला बोलू? चूक माझी. किरिस्तावाच्या हातात गणपती दिला."

मामांनी कपाळावरचं भिंग काढलं आणि बाकावर ठेवलं, काच खालच्या बाजूला करून. भिंगाची काच खाली ठेवली म्हणून त्यांनी मला किती वेळा झापलं होतं.

"मामांची चूक नाही," मी म्हणालो. "कागद मी डकवला. मी उलटवला."

"नाही," सुनंदा उठून उभी राहिली. "मी उलटवला."

"अगं, मी उलटवला!"

"मी सांगतेय ना, मी उलटवला! शाई कुठल्या बाजूला आहे बघ जाऊन!"

दत्तूशेठ एकदा तिच्याकडे, एकदा माझ्याकडे बघत होते. "उलटवायचा असतो ना पण? मग उलटवला तर बिघडलं काय?"

"दोघांनी उलटवला," मामा म्हणाले. त्यांच्या ध्यानात आमच्या आधी आलं होतं. "म्हणून सुलटा झाला. म्हणून उलटा आला." दत्तूशेठनी खिशातला रुमाल काढून एकदा उलटला, पुन्हा उलटला, आणि मग घाम पुसला. सोन्याचांदीतल्या माणसाला एका मर्यादेपलीकडे भूमिती झेपत नाही.

"तू विनायक नावाचा," ते मला म्हणाले, "आणि तुला सोंड कुठल्या अंगाला ते कळू नये?"



नवीन डाय कोरायला वेळ नव्हता. दत्तूशेठ मुंबईला दुसरीकडे काम टाकणार होते. म्हणजे मामांची शेवटची डाय परत येणार, भंगारात जाणार, आणि माणिकपूर ते नंदाखाल गोष्ट फिरणार की इनासने गणपती बिघडवला. वसईत अशी गोष्ट पायी जात नाही, सायकलवर जाते.

"रविवारी चर्चमधल्या मिस्सेपर्यंत थांबा," मामा म्हणाले.

दत्तूशेठ डिकीतली डाय बाकावर ठेवून गेले. मामांनी ती हातात घेतली आणि मला पहिल्यांदाच असा प्रश्न विचारला, ज्याचं उत्तर त्यांना स्वतःला ठाऊक नव्हतं. "पोऱ्या, तुमच्यात सोंडेचं मूळचं वळण बघतात, की टोक?"

मला काय माहीत! मी विचारून येतो म्हणालो. निर्मळच्या गुरुजींना विचारलं, ते म्हणाले मूळचं वळण. सुनंदाने आईला विचारलं, ती म्हणाली टोक, ह्यात विचारायचं काय? गणपती करणाऱ्या कारागिराला विचारलं, तो म्हणाला, "गिऱ्हाईक म्हणेल ते." वडिलांना विचारलं, तर ते केळीची पानं कापता कापता म्हणाले, "ज्या बाजूला मोदक, त्या बाजूला सोंड. हत्ती आहे तो, वकील नाही."

हे सगळं मी मामांना सांगितलं. शेवटी वडिलांचं मत त्यांना पटलं.

पोलादात भर घालता येत नाही, हे मी मघाशी सांगितलं. पण डायमधून जे काढाल ते नाण्यावर वाढतं. म्हणजे सोंड पुसता येणार नव्हती, लांब मात्र करता येणार होती. मामांनी ठरवलं, की उजवीकडे गेलेली सोंड टोकापाशी वळवायची, हनुवटीखालून फिरवून डावीकडे आणायची, आणि तिथे एक मोदक द्यायचा. देवाला घरी परत आणायचं.

डाय पुन्हा तापवून, राखेत हळूहळू निववून नरम केली. मामा कोरायला बसले. चहा घेतला, डबा आमच्याकडे सरकवला. त्या दिवशी आम्हाला घास उतरत नव्हता, पण डबा परत नेला तर मामी रागावतील म्हणून संपवला. गाणं सुरू झालं नाही. दुपार उलटली. मग कधीतरी, छिन्नीच्या टकटकीच्या आत, पुटपुटल्यासारखं काहीतरी ऐकू आलं, आणि सुनंदाने माझ्याकडे बघून मान हलवली.

पण खरी भीती पुढेच होती. एकदा कडक केलेलं पोलाद पुन्हा कडक करायचं म्हणजे जुगार. तेलात बुडवताना तडकलं तर 'टिक' असा अगदी बारीक आवाज येतो. घड्याळाचा असावा असा. तो आवाज आला की सगळं संपलं. मामांनी चिमट्याने लाल ठोकळा भट्टीतून काढला. शेजारच्या गाळ्यात झाकणांचं मशीन खडखडत होतं. मामा म्हणाले, "बंद करायला सांगा." मी धावत जाऊन सांगितलं. त्यांनी बंद केलं, आणि तेही येऊन दारात उभे राहिले. ठोकळा तेलात गेला. धूर आला, तेल खदखदलं. आम्ही सगळे वाकून तेलाकडे कान लावून उभे होतो, जणू तेल काही सांगणार आहे.

तेल काही बोललं नाही.

"बस," मामा म्हणाले. "मशीन चालू करा."

रविवारी मिस्सेनंतर मामा पांढरा शर्ट घालून, शिशाची छाप रुमालात गुंडाळून माणिकपूरला आले. आम्ही दोघं त्यांच्यामागे. दुकानात नाही, घरीच गेलो, कारण निकाल दत्तूशेठ देणार नव्हते, त्यांच्या आई देणार होत्या. सगळे त्यांना माई म्हणायचे. माई आरामखुर्चीत बसल्या होत्या. छाप हातात घेऊन त्यांनी खिडकीकडे धरली. दत्तूशेठ मागे उभे.

माईंनी बोटाने सोंडेवरून रेघ ओढली. उजवीकडे. मग खाली. मग वळणावर थांबल्या. मग डावीकडे, मोदकापर्यंत.

"उजवीकडे निघाला होता," त्या म्हणाल्या.

"हो, माई," मामा म्हणाले.

"मग मोदक दिसला आणि परत आला."

"तसंच झालं."

माई गालात हसल्या नाहीत, पण छाप खाली ठेवूनही दिली नाही. "मूळचं वळण उजवंच आहे हो पण. उजव्याचं सोवळं फार कडक. तुम्ही हे करताना काय पाळलंत?"

मामांना प्रश्नाचा रोख कळला नाही. "पाळायचं काय, माई? काम केलं."

"काही खाल्लं-प्यायलंत का, असं विचारतेय."

"मुख असलं की मी जेवत नाही. चहा तेवढा घेतो. पोट भरलं की हात जड होतो."

माईंनी चष्मा काढला. "उपाशीपोटी केलात?"

"दोन्ही वेळेला. पहिल्यांदाही आणि आत्ताही."

"आणि डबा? बायको डबा देत असेल की."

मामांनी आमच्याकडे हात केला. "तो ही दोघं खातात."

"काय असतं डब्यात?"

आमचे मामा खोटं बोलत नसत. "सुकट," ते म्हणाले.

माई आमच्याकडे बघत राहिल्या. आधी माझ्याकडे, मग सुनंदाकडे, मग पुन्हा माझ्याकडे, कारण माझं नाव विनायक आहे हे दत्तूशेठनी त्यांना दारातच सांगितलं होतं. मग त्या खुर्चीत मागे टेकून इतक्या हसल्या की दत्तूशेठना पाण्याचा पेला आणावा लागला.

"दत्तू," त्या म्हणाल्या, "सोवळं किरिस्तावाने पाळलं, आणि सुकट ह्यांनी खाल्लं! आणि तू जाऊन कुणाला बोलून आलास?"

दत्तूशेठ आत गेले आणि आतून मामांसाठी करंज्यांची बशी घेऊन आले, स्वतः. नोकराला हाक मारली नाही. मामांनी एक करंजी घेतली. आम्हाला बशी मिळाली नाही. ते योग्यच होतं.

ती नाणी दिवाळीत खपली. इतकंच नाही, पुढच्या वर्षी लोक दुकानात येऊन 'तो परत फिरलेला गणपती' मागू लागले. विरारच्या आणखी एका सराफाला तसाच हवा होता. मामा रिटायर झाले होते, तरी नंदाखालहून आले आणि आम्हाला तो कोरायला शिकवला. चूक तंतोतंत कशी करायची हे शिकणं सोपं नसतं. तेव्हापासून आमच्याकडे प्रत्येक कागदाच्या कोपऱ्यात एक छोटा 'ग' लिहायची पद्धत पडली. 'ग' उलटा दिसला की कागद बरोबर. बाहेरून कुणी नवीन माणूस आला की विचारायचा, हा 'ग' कशाचा? जुने म्हणायचे, सुकटाचा.

कारखाना राहिला नाही. आधी कोरीव कामाचं बाक कोपऱ्यात गेलं, मग कॉम्प्युटरचं मशीन आलं, मग गाळाच विकला गेला. मी आता दुसरीकडे मशीन चालवतो. चित्र कॉम्प्युटरवर येतं, एक बटण दाबलं की उलटं होतं, पुन्हा दाबलं की सुलटं. छिन्नी हातात घेतल्याला वर्षं झाली. मामांनी शिकवलेल्यातलं निम्मं तरी हातातून गेलं असेल, ह्याचं वाईट वाटतं. पण ते कधी वाटतं, तर कुणी भांडी घेऊन आलं की. एरवी दिवस जातात.

आमच्या लग्नात इनासमामा आले होते. हो, सुनंदाशीच. उलटायचं बटण दाबलं का, असं ती अजून रोज संध्याकाळी विचारते. मामांनी आहेरात एक छोटी पुडी दिली. आत शिशाची चकती. पहिली छाप, चुकलेली, सरळ उजव्या सोंडेची. "कडक आहे," म्हणाले. "घरात भांडू नका." माझी आई ती पाहून चार पावलं मागे सरली आणि म्हणाली, ही वस्तू ह्या घरात कुठे ठेवायची? तोडगा सुनंदाने काढला. तिने चकती काचेच्या कपाटात, छोट्या आरशासमोर, आरशाकडे तोंड करून उभी केली. आरशात बघितलं की डाव्या सोंडेचा गणपती दिसतो. बघणाऱ्याने आरशात बघायचं. मामा नंतर एकदा घरी आले, त्यांनी कपाटात वाकून पाहिलं आणि म्हणाले, "हा ओळखीचा आहे." कुठला, आरशातला की समोरचा, ते त्यांनी सांगितलं नाही, आणि आता सांगायला ते नाहीत.

परवा दिवाळीची साफसफाई झाली. सुनंदाने कपाट पुसलं, चकती पुसली, आणि आरशाकडे तोंड करून ठेवली. मी संध्याकाळी आलो. तिने नक्की इकडे तोंड करून ठेवली असणार, असं धरून मीही काळजी घेतली आणि न बघताच फिरवली.

रात्री जेवायला बसलो तेव्हा तो थेट आमच्याकडे बघत होता. उजव्या सोंडेचा, आरशाबिरशाशिवाय. दोघांच्याही ताटात सुकट होतं.

फिरवायला कुणी उठलं नाही. न जाणो, दुसराही उठायचा. आम्ही आपापली ताटं उचलली आणि आतल्या खोलीत जाऊन जेवलो.